पट्टी हलली की हाव

सर जिना चढायला लागले की मी आधी मीटिंगमधला माझा माईक बंद करायची. दार वाजवायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. दार वाजवलं तरी आतून 'या' म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे, मग वाजवायचं कशाला, असा त्यांचा हिशोब असावा. ते थेट आत यायचे, माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि पुण्यातले सगळे सहकारी स्क्रीनवरून पाहत असताना अख्ख्या वर्गाला सांगावं तसं सांगायचे, "पोरी, व्होल्टेज पाह्यलं का? पार खाली गेलं. बंद कर ते पेटारं, जळून जाईन!" हे गृहस्थ माझे वडील आहेत अशी ऑफिसात सगळ्यांची समजूत झाली होती. सुरुवातीला मी खुलासा करायची. मग कंटाळून सोडून दिलं.

ते माझे घरमालक. यवतमाळात त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होते. मी मूळची नेरची. कंपनी पुण्याची असली तरी काम घरून करायची मुभा होती, पण नेरला आमच्या घरी गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहिल्याशिवाय मोबाईलला रेंज येत नाही, म्हणून यवतमाळ. खोल्या हवेशीर होत्या. सरांची बायको, म्हणजे काकू, फार मायाळू. सरांबद्दल मात्र त्या खोल्या सोडून इतका काळ लोटला तरी कुणी विषय काढला की मला आधी राग येतो. राग ओसरल्यावर दुसरंही काही येतं, पण आधी रागच.

सर विज्ञानाचे शिक्षक होते, बाभुळगावकडच्या एका शाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले. न दिसणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. देवावर होता, पण कळंबला पायऱ्या उतरून गेलं की चिंतामणी दिसतो ना, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. बाकी प्रत्येक गोष्टीला काटा लागायचा. हॉलमध्ये व्होल्टेजचा मीटर होता आणि त्याच्याकडे नजर टाकल्याशिवाय पंख्याचं बटण दाबायची कुणाची हिंमत नव्हती. गॅसचं सिलिंडर आलं की ते ताणकाट्याला लटकवून डिलिव्हरीवाल्याला घाम फोडायचे. नळाला कधी पाणी येईल याचा यवतमाळात नेम नाही, म्हणून गच्चीवरच्या टाकीत त्यांनी एक तरंगता डबा सोडला होता. त्या डब्याला उभी काठी, काठीच्या टोकाला लाल चिंधी. काठी खाली गेली की सर फाटकात उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं बजावायचे, "वरच्या पोरीनं आज कपडे धुतले वाटते!" माझे कपडे, माझी आंघोळ, सगळं त्या चिंधीवर वाचता यायचं. मी दोनदा ती काठी मोडून टाकायचा विचार केला होता.

व्हरांड्यात उष्णतामापक टांगलेला. मे महिन्यात सर रस्त्याने जाणाऱ्या माणसाला हाक मारून थांबवायचे, उन्हातून आत बोलवायचे आणि ऊन किती आहे ते दाखवायचे. "पाहा. मी नाही म्हणून राह्यलो, पारा म्हणून राह्यला." तो बिचारा घाम पुसत मान हलवायचा. भाजीवाली असो, डॉक्टर असो नाहीतर मी, सरांचं सगळ्यांना एकच सांगणं असायचं. "काटा दाखव, मंग बोल."

त्यांना ऐकू येत नाही ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. सरांना ती मान्य नव्हती. आजकालचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, शाळांमध्ये आता मोठ्यानं वाचून घेत नाहीत, त्याचे हे परिणाम, असं ते गंभीरपणे सांगायचे. नागपूरला असलेल्या मुलाने कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी एका सकाळी नाश्त्याला लावलं आणि पोहे संपायच्या आत काढून ठेवलं. "चावलं की डोक्यात गिट्टी फोडून राह्यले असं वाटते." तेव्हापासून ते मशीन कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी.

ऐकू न येणारा माणूस 'काय?' असं विचारतो. म्हणून सर कधीही 'काय?' विचारत नसत. त्याऐवजी ते अंदाजाने उत्तर द्यायचे. मी भाडं देताना नळाच्या तोटीबद्दल विचारलं तर ते कापसाच्या भावाबद्दल सांगायचे, आणि असं ठासून सांगायचे की आपणच काहीतरी चुकीचं विचारलं असं वाटावं. नाहीतर ते स्वतःच बोलत राहायचे. आपण बोलत राहिलो की दुसऱ्याचं ऐकायचा प्रश्नच येत नाही. काकूंचं काय होत असेल, असं मला पहिल्याच आठवड्यात वाटलं, कारण काकूंचा आवाज इतका हळू होता की मला चांगलं ऐकू येत असूनही त्यांच्याजवळ सरकून बसावं लागायचं. घरात मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती, माहेरीही नव्हती, असं त्या म्हणायच्या. सरांशी त्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. ताट वाढलं की त्या ताटावर चमचा वाजवायच्या नाहीत, नुसत्या सरांच्या समोर जाऊन उभ्या राहायच्या. मग सर उठायचे.

सरांचं एक मात्र मानावं लागेल. शब्दाला पक्के. आमच्याकडे 'हो'ला 'हाव' म्हणतात, आणि सरांचा हाव म्हणजे दगडावरची रेघ. म्हणूनच ते सहसा कुणाला हाव म्हणत नसत. "पाहू" म्हणायचे. एका विद्यार्थ्याला मात्र त्यांनी वर्गात हाव म्हटलं होतं. तो पोरगा म्हणाला होता, सर, माझ्या लग्नाला याल? पुढे त्या पोराचं लग्न निघालं ते नेमकं सरांच्या निरोप समारंभाच्या दिवशी. शाळेत मंडप घातलेला, गावचे लोक जमलेले, आणि सर बाभुळगावजवळच्या कुठल्याशा खेड्यात अक्षता टाकत होते. शाळेत त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर भाषणं झाली, आणि शाल-श्रीफळ काकूंनी घेतलं. काकूंना चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्या बोलल्या म्हणे, पण माईकपर्यंत काही पोहोचलं नाही. हा किस्सा सर अभिमानानं सांगायचे. काकू तो ऐकताना भाजी निवडायच्या.

आता त्या पट्टीबद्दल. आमची कंपनी त्या वेळी एक मोबाईल ॲप बनवत होती. गावोगाव फिरून लोकांच्या मुलाखती घेणाऱ्या माणसांसाठी, आवाज रेकॉर्ड करायचं साधं ॲप. आधीच्या ॲपमध्ये एक मोठी अडचण होती. माणूस तासभर मुलाखत घ्यायचा आणि घरी येऊन पाहतो तर काहीच रेकॉर्ड झालेलं नाही. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना पडद्यावर आवाजाची पट्टी हलली पाहिजे, असं ठरलं. हळू बोललं तर थोडी हिरवी, नीट बोललं तर बरीच हिरवी, ओरडलं तर टोकाला लाल. पट्टी हलतेय म्हणजे फोन ऐकतोय. ती पट्टी करायचं काम माझ्याकडे होतं.

एका सकाळी मी टेबलावर फोन ठेवून "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" करत बसले होते आणि सर नेहमीसारखे मागे येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत म्हणून मीच दचकून मागे पाहिलं. ते पट्टीकडे पाहत होते.

"हे काय होय?"

"आवाजाचा काटा," मी चुकून मोठ्यानं म्हणाले. तो शब्द मी वापरायला नको होता.

"मी बोललो तर हालते?"

पट्टी लाल झाली. सरांच्या आवाजाने ती नेहमी लालच व्हायची. ते खूश होऊन खुर्ची ओढून बसले, आणि त्या दिवशी माझी मीटिंग त्यांनी शेवटपर्यंत अटेंड केली. संध्याकाळी त्यांनी आपला फोन आणून माझ्या हातात दिला. "टाक याच्यात." अर्धवट तयार ॲप कुणाला द्यायचं नसतं, हे मी त्यांना तीन प्रकारांनी समजावून सांगितलं. त्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही.

इथून माझे हाल सुरू झाले. कंपनीने ॲप तपासायला दोन पगारी माणसं ठेवली होती. त्या दोघांनी मिळून काढल्या नसतील इतक्या तक्रारी सरांनी एकट्यांनी काढल्या. कुणाचा फोन आला की पट्टी मरते. पडदा विझला की पट्टी विझते. बॅटरी दुपारपर्यंत संपते. कुकरच्या शिट्टीला आणि गल्लीतल्या कुत्र्याला पट्टी सारखीच हलते, मग ओळखायचं कसं? एका दिवशी तर ते जिन्यावरूनच गरजत आले. पट्टी मेली होती. पूर्ण मेली होती. मी सकाळपासून दुपारपर्यंत सगळा प्रोग्रॅम चाळून काढला. जेवायला खाली गेले तेव्हा काकूंनी हळूच दाखवलं. मिक्सरला, टीव्हीच्या रिमोटला, शिलाई मशीनला असतं तसं त्यांनी सरांच्या फोनलाही जाड कापडाचं कव्हर शिवलं होतं. पडद्यापुरती खिडकी ठेवली होती, कॅमेऱ्याला भोक ठेवलं होतं. माईकचं बारीक छिद्र मात्र दुहेरी शिवणीखाली गेलं होतं. मी कात्रीने तेवढं भोक पाडून दिलं. सर म्हणाले, "म्हणजे आधी तुह्या प्रोग्रॅममंदी भोक होतं, आता कव्हरमंदी." हे ते विनोद म्हणून म्हणाले नव्हते.

पण एक तक्रार ते सोडेनात. "पंख्याले हालते. शिट्टीले हालते. तुह्या काकूले काहून नाई हालत?"

मी खाली जाऊन पाहिलं. खरंच हलत नव्हती. काकू बोलत होत्या, पट्टी तळाशी मुंगीएवढी थरथरायची आणि बसायची. काकूंचा आवाजच हळू आहे, असं मी ओरडून सांगितलं. सर म्हणाले, मंग मोठा आवाज असणाऱ्या लोकाईले काटा कायले पाहिजे? त्याईचं तं असंच समजते. मला संताप आला, कारण पुण्याहूनही त्याच आठवड्यात तशीच तक्रार आली होती की म्हाताऱ्या बायका बोलतात तेव्हा पट्टी हलत नाही. चूक माझ्या आखणीत होती. आवाज दुप्पट तर पट्टी दुप्पट, असा मी सरळ हिशोब लावला होता. आवाजाचं असं नसतं. हळू बोलणं आणि ओरडणं यांत कितीतरी पटींचं अंतर असतं, आणि सरळ हिशोबात सगळी जागा ओरडणाराच खाऊन टाकतो. मी हिशोब बदलला. आवाज दुप्पट झाला की पट्टी एक पायरी वर, पुन्हा दुप्पट झाला की पुन्हा एकच पायरी. आणखी एक केलं. आवाज थांबला की पट्टी धपकन पडायची आणि डोळ्याला त्रास व्हायचा, म्हणून ती सावकाश खाली उतरेल असं केलं.

नवं ॲप सरांच्या फोनमध्ये टाकून मी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "आज वांग्याचं भरीत केलं. जेवूनच जाय."

पट्टी अर्ध्यापर्यंत हिरवी झाली आणि हळूहळू उतरली.

"अवं, ही तं बोलून राह्यली!" सर म्हणाले. जणू काही काकू इतकी वर्षं मुद्दाम गप्प बसल्या होत्या.

ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, बोल, बोल, आणखी बोल. काकूंना काही सुचेना. त्या लाजल्या, मग "मिठाचा डबा देता का इकडे" एवढंच म्हणाल्या. पट्टी पुन्हा हलली. सरांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस मला आवडू शकेल. ते दोन दिवस टिकलं.

कारण सरांनी तो फोन रोज जेवताना समोर ठेवायला सुरुवात केली आणि पट्टी हलून खाली उतरली की म्हणायला लागले, "हाव."

काकू काय म्हणाल्या ते त्यांना कळत नव्हतंच. बोलल्या एवढं कळत होतं. बायको बोलली आणि आपण उत्तर दिलं, यातच त्यांना इतका आनंद होता की शब्द कळले नाहीत याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बरं, 'काय?' तर विचारायचं नाही. मग हाव. मी त्यांना ओरडून सांगून पाहिलं की सर, ही पट्टी आवाज दाखवते, बोलणं नाही. "तेच तं," ते म्हणाले. "बोललं की दिसते."

काकूंना ही गंमत कळायला वेळ लागला नाही. आधी चुकून कळलं. "उद्या भाजी नाही करत, कंटाळा आला," त्या पुटपुटल्या. "हाव," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताटात वरण-भात आणि लोणचं. सर ताटाकडे पाहत राहिले, पण आपण हाव म्हटलं असणार हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे जेवले. मग व्हरांड्यात साठलेली वर्तमानपत्रांची थप्पी रद्दीत गेली. हाव. मग संध्याकाळी काकू शेजारणींबरोबर भजनाला जायला लागल्या. हाव. शब्द दिला तो पाळायचाच, मग तो कशाला दिला हे माहीत नसलं तरी. मी जेवायला खाली असले की मला हसूही यायचं आणि चीडही यायची. एवढं करण्यापेक्षा ते मशीन कानाला लावलं असतं तर काय बिघडलं असतं! काकू माझ्याकडे पाहून डोळे मिचकावायच्या. इतकी वर्षं त्यांचं बोलणं हवेत विरत होतं, आता निदान त्याला उत्तर तरी मिळत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती, ती म्हणजे सरांची स्कूटर.

स्कूटर फार जुनी होती. कोपऱ्यावरचे मेकॅनिक रफिकभाई ती कशीबशी चालू ठेवायचे. आपला हॉर्न वाजतो की नाही हे सरांना ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी हॉर्नच्या बटणाला हँडलवर एक छोटा बल्ब जोडून घेतला होता. बल्ब लागला म्हणजे हॉर्न वाजला. मी एकदा रफिकभाईंना म्हटलं, सरांचा हॉर्न फार बारीक झालाय, तर ते म्हणाले, "बारीक नाही मॅडम, कबका गेला. सरले दो बार सांगतलं मी. बोलते, बल्ब तो जल रहा है ना."

दर चतुर्थीला सर त्या स्कूटरवरून कळंबला जायचे आणि काकूंना मागे बसवून न्यायचे. यवतमाळ ते कळंब हा मोठा रस्ता, ट्रक आणि ट्रॅव्हल्स गाड्यांचा. मागून गाडी आली की काकू सरांच्या खांद्यावर थाप मारायच्या. उजवीकडून आली की उजव्या खांद्यावर, डावीकडून आली की डाव्या. सर बाजूला घ्यायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. काकूंनी भीतीपोटी सुरू केलं आणि सरांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. जाताना काकू मान वळवून मागेच पाहत बसायच्या. परत आल्यावर दोन दिवस मान धरलेली असायची.

पट्टी आल्यावर सर म्हणाले, "आता तुह्या थापा कायले पाहिजे? काटा आहे." आणि त्यांनी फोन रबराने स्कूटरच्या हँडलला बांधला.

मी जिन्यावरून ते पाहिलं आणि धावत खाली आले. सर, हा आवाज तुमच्याच इंजिनाचा पकडेल, वाऱ्याचा पकडेल, मागच्या ट्रकचा वेगळा कळणार नाही, असं मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून ओरडून सांगितलं. फोन माझ्या हातात असता तर मी ते ॲप त्याच क्षणी काढून टाकलं असतं. सरांनी किक मारली. पट्टी लाल झाली. "पाह्य," ते म्हणाले, "किती झकास चालून राह्यली!" काकू मागे बसल्या आणि दोघं गेले.

दुपारी काकू परत आल्या त्या लंगडत. गुडघा फुटलेला, एक चप्पल नव्हती. कळंबच्या अलीकडे मागून एक बस हॉर्न देत आली. सर पट्टीकडे पाहत होते आणि पट्टी यवतमाळ सोडल्यापासून लालच होती. काकूंनी दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीवर धपाधप मारलं. सरांनी रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला आणि मागे वळून विचारलं, "मारते कायले? सांगतलं ना काटा आहे म्हणून!" बस अंगावरून गेल्यासारखी शेजारून गेली आणि दोघंही खाली पडले. सरांना खरचटलंही नव्हतं. ते व्हरांड्यात बसून मला सांगत होते की बसचे ड्रायव्हर आजकाल हॉर्न देत नाहीत.

मी काकूंच्या गुडघ्याला हळद लावत होते. त्या म्हणाल्या, "पोरी, मागं मी असली तं थापा मारते. मी नसली तं? भाजीले एकटेच जातात ते. गाडी गेली की मी फाटकात उभी राहते. येईपर्यंत हातपाय गार पडतात माहे."

"गाडी बंद करा म्हणा ना त्यांना."

"म्हणून पाह्यलं. मोठ्यानं नाही म्हणता येत मले. आणि हळू म्हटलं तं त्याईले ऐकू येत नाही." मग त्यांनी हळदीची वाटी बाजूला सरकवली. "पट्टीसमोर म्हणून पाहते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालीच जेवत होते. फोन बरणीला टेकून उभा होता. काकूंनी सरांच्या ताटात भाकरी वाढली, पदराला हात पुसले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "गाडी विकून टाकू? रफिकभाई घ्यायले तयार आहेत."

पट्टी वर गेली, सावकाश खाली आली. मी हातातला घास ताटात ठेवला.

"हाव," सर म्हणाले, आणि मिरचीचा ठेचा मागितला.

रफिकभाई सकाळी आले. सर व्हरांड्यात पारा वाचत होते. सरांशी बोलायचं म्हणून रफिकभाई नेहमी मोठ्यानं बोलायचे, त्यामुळे पुढचं सगळं गल्लीला ऐकू गेलं.

"सर, गाडी न्याले आलो."

"सर्व्हिसिंग तं झाली मागच्या महिन्यात."

"सर्व्हिसिंग नाही, सर. काकू बोले गाडी विकायची आहे. तुम्ही हाव म्हटलं म्हणे. तुमचा हाव आहे म्हणून मी आलो, नाहीतर आपली हिंमत नाही."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी जिन्यात होते. समोरच्या घरातल्या बायका धुणं तसंच हातात धरून थांबल्या होत्या. सरांपुढे आता दोनच रस्ते होते. शब्द पाळायचा तर स्कूटर जाते. स्कूटर ठेवायची तर, जे त्यांनी आजवर घरातसुद्धा कबूल केलं नव्हतं, ते गल्लीसमोर बोलायचं. मला वाटलं होतं ते स्कूटर देऊन टाकतील. निरोप समारंभ सोडून लग्नाला गेलेला माणूस तो.

"मी हाव म्हटलं," ते म्हणाले, "पण मी ऐकलं नव्हतं. मले ऐकू येत नाही, रफिक. लय दिवस झाले, येत नाही. न ऐकता म्हटलेल्या हावले किंमत नाही. राहू दे गाडी."

त्यांनी ते नेहमीसारखंच वर्गात शिकवल्यासारखं सांगितलं, फक्त शेवटी त्यांचा आवाज हलला. रफिकभाईंनी हँडलवरचा हात काढला. "जी सर," एवढंच म्हणून ते फाटकाकडे वळले. मला सरांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. नेमकी ही गोष्ट कबूल करायची, आणि ती गाडी वाचवायला!

आणि तेव्हा काकू ओरडल्या.

"ऐकू येत नाही तं चालवता कायले?"

तो काकूंचा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. फाटकातून बाहेर पडलेले रफिकभाई जागच्या जागी थांबले.

"जीवाचं पाणी होते माह्या! तुम्ही गेले की मी फाटकात उभी राहते, कुणी येऊन सांगते का काय म्हणून! माहे हात कुठवर पुरतीन? मरायचं आहे का तुम्हाले?"

बोलून झाल्यावर काकूंनी स्वतःच तोंडावर पदर धरला. सरांचा फोन शर्टाच्या खिशात होता, तो त्यांनी बाहेर काढला नाही. ते काकूंकडे पाहत उभे होते, वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलीने अचानक बरोबर उत्तर द्यावं तसे.

"आलं ऐकू," सर म्हणाले.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, फाटकापर्यंत चालत गेले आणि रफिकभाईंच्या हातात ठेवली. "हॉर्न खराब आहे तिचा," ते म्हणाले. "नीट करून घेजो." रफिकभाई स्कूटर ढकलत घेऊन गेले. त्यांना ती तिथेच सुरू करायला धीर झाला नाही. सर आत गेले आणि त्या दिवशी मला व्होल्टेज सांगायला कुणी आलं नाही.

यातून सर सुधारले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. कानाचं मशीन कपाटातच राहिलं. पुढच्या चतुर्थीला दोघं एसटीने कळंबला गेले, आणि परत आल्या आल्या सर दार न वाजवता माझ्या खोलीत हजर. मी मीटिंगमध्ये होते. "काही कामाची नाही तुही पट्टी! एसटीत नुसती लाल. कंडक्टर काय म्हणते, बाई काय म्हणते, काही समजत नाही." मी ओरडून म्हटलं, मशीन लावा सर, हात जोडते. "पाहू," ते म्हणाले. पुण्यातल्या मंडळींनी माझ्या वडिलांना हात हलवून नमस्कार केला.

काकू संध्याकाळी प्रसाद घेऊन वर आल्या. मान धरली नव्हती. गुडघ्याची खपलीही निघत आली होती. मी खुर्ची दिली तर त्या खिडकीजवळच उभ्या राहिल्या.

"एसटीत खिडकीपाशी बसली होती मी," त्या म्हणाल्या. मी सवयीने त्यांच्याजवळ सरकले. "त्या रस्त्यानं कितीक वर्सं झाली जाऊन राह्यली, पण सारं ध्यान मागंच राहे माहं. आज पाह्यलं. रस्त्याच्या दोन्ही कडेनं पळस फुलला आहे, पोरी, नुसता लाल. दरसाल फुलत असन ना?"